कडकपणा वेगळा, जाच वेगळा : हॉस्पिटलातल्या वरिष्ठांबद्दल थोडं स्पष्ट



मागच्या भागानंतर हैदराबादहून एका ताईंचा निरोप आला. त्यांची मुलगी एका मेडिकल कॉलेजात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, म्हणजे रेसिडेंट डॉक्टर आहे. ताई लिहितात, "मुलगी फोन करते आणि बोलतच नाही, नुसती रडते. काय झालं विचारलं तर म्हणते, सिनिअर बोलतात गं, सगळ्यांनाच बोलतात, तू कोणाला सांगू नकोस. कर्नलसाहेब, हे खरंच सगळ्यांनाच असतं का? आणि असलं तर आम्ही गप्प बसायचं का?"

म्हणून आजचा विषय हाच घेतला.

आधी माझा संबंध सांगतो. मी डॉक्टर नाही. पायदळात एकतीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात, एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलचा प्रशासक होतो. फौजेतून बाहेर पडलेल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना ही नोकरी मिळते. मालकांना वाटतं, हा माणूस शिस्त लावील. शिस्त मी लावली. पण त्या सहा वर्षांत एक चूकही केली, आणि आज बोलायला बसलोय ते मुख्यतः त्या चुकीमुळे. ती पुढे सांगतो. आधी शब्द नीट करून घेऊ.

कडक कोण आणि जाच करणारा कोण?

पुष्कळ जण म्हणतात, हॉस्पिटलात माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो, तिथे वरिष्ठ कडकच असायला हवेत. मलाही ते मान्य आहे. कडक वरिष्ठ हवाच. हात न धुता रोग्याजवळ गेलेल्या इंटर्नला जो जागच्या जागी थांबवत नाही, तो वरिष्ठ कसला?

पण कडकपणा आणि जाच यांतला फरक ओळखायला सोपा आहे. मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : बोलणं कशाबद्दल होतं, कामाबद्दल की माणसाबद्दल? "हा डोस चुकला, पुन्हा तपासून लिही," हे कामाबद्दल झालं. "तुला कोणी ॲडमिशन दिली? कोट्यातून आलीस ना?" हे माणसाबद्दल झालं.

दुसरा प्रश्न : नियम सगळ्यांना सारखा आहे का? कडक माणूस सगळ्यांना कडक असतो. जाच करणारा एकाला निवडतो. त्याच्याच नावावर सलग रात्रपाळ्या, त्याचीच रजा नाकारली जाते, त्यालाच ऑपरेशन थिएटरात उभं राहू देत नाहीत, आणि त्याच्याशी जेवायला बसू नका असं बाकीच्यांना सांगितलं जातं.

तिसरा प्रश्न : त्यातून माणूस शिकतो का? कडक वरिष्ठाच्या हाताखालून माणूस तयार होऊन बाहेर पडतो. जाच करणाऱ्याच्या हाताखाली तो फक्त लपायला शिकतो.

एखादा वरिष्ठ एक दिवस चिडला, आवाज चढला, म्हणून लगेच त्याला जाच म्हणू नका. तो दमलेला असेल, त्याचा रोगी नुकताच दगावला असेल. पण तेच पुन्हा पुन्हा, ठरवून, त्याच माणसाशी आणि चारचौघांत होऊ लागलं, तर त्याला दुसरं नाव देऊ नका.

हॉस्पिटलातच हे इतकं का?

याची कारणं माणसांच्या स्वभावात कमी आणि व्यवस्थेत जास्त आहेत.

पहिलं कारण उतरंड. हॉस्पिटलात फौजेइतकीच पक्की उतरंड असते. युनिटचा प्रमुख, त्याखाली सहयोगी प्राध्यापक, मग सिनिअर रेसिडेंट, मग तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वर्षाचे ज्युनिअर, मग इंटर्न. शेजारी परिचारिकांची दुसरी उतरंड : मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, स्टाफ नर्स. आणि सगळ्यांच्या खाली वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार. त्यांच्याबद्दल तर आपण बोलतही नाही.

दुसरं कारण, वरच्याच्या हातात खालच्याचं भविष्य असतं. रेसिडेंटच्या प्रबंधावर सही प्रमुखाची. परीक्षा प्रमुखाच्या ओळखीच्यांकडे. नर्सचा अनुभवाचा दाखला मेट्रनच्या टेबलावर. काही ठिकाणी तर नर्सेसची मूळ प्रमाणपत्रं संस्था स्वतःकडे अडकवून ठेवते. अशा माणसाने तोंड कसं उघडायचं?

तिसरं कारण कामाचा बोजा. केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलं आहे की रेसिडेंटची सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावी. तुमच्या ओळखीत कोणी रेसिडेंट असेल तर त्याला हे वाचून दाखवा, तो हसेल. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने सुचवलं की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको. म्हणजे ७४ तास ही आता सुधारणा वाटू लागली आहे. छत्तीस तास न झोपलेला सिनिअर आणि छत्तीस तास न झोपलेला ज्युनिअर एका वॉर्डात उभे केले, की वरचा खालच्यावर घसरणारच. ही सबब नव्हे, पण कारण आहे.

आणि चौथं कारण परंपरा. "आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा." सासूने छळलं म्हणून सुनेला छळणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वॉर्डातही तेच चालतं. पहिल्या वर्षाला रडलेला मुलगा तिसऱ्या वर्षाला पोचला की दुसऱ्याला रडवतो आणि त्याला प्रशिक्षण म्हणतो.

याच्यात जात, धर्म, भाषा, प्रदेश मिसळले की प्रकरण जिवावर जातं. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या तरुण डॉक्टरने आपलं जीवन संपवलं. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं, म्हणून दोषी कोण यावर मी बोलणार नाही. पण तिच्या घरच्यांचं एक म्हणणं मला विसरता येत नाही : आम्ही आधी सांगितलं होतं. घरच्यांना असं म्हणावं लागतं, त्याअर्थी सांगायची जागा आणि ऐकणारा माणूस यांत कुठेतरी मोठी दरी असते. ती दरी मी स्वतःच्या ऑफिसात पाहिली आहे.

माझ्या हातून झालेली चूक

आमच्या हॉस्पिटलात गोंदियाकडची एक स्टाफ नर्स होती. तेवीस-चोवीस वर्षांची. सर्जिकल वॉर्डात रात्रपाळीला असताना पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका रोग्याची नाडी वाढली, रक्तदाब उतरू लागला, लघवी कमी झाली. तिने रात्री दोन वाजता सर्जनला फोन केला. सर्जन आले नाहीत, फोनवर सलाईन वाढवायला सांगितलं. रोगी सकाळपर्यंत ठीक झाला.

सकाळच्या राउंडला सर्जनसाहेबांनी सगळ्या वॉर्डासमोर, रोगी आणि नातेवाईक ऐकत असताना, तिला विचारलं, "रक्तदाब बघता येतो का तुला? कुठल्या गल्लीतल्या कॉलेजातून आलीस? पुन्हा अशा फालतू कारणाला मला उठवलंस तर बघ." इन्चार्ज सिस्टर सर्जनच्या मर्जीतल्या. त्यांनी पुढच्या महिन्याच्या ड्यूटी चार्टमध्ये तिला सलग अकरा रात्री लावल्या. बहिणीच्या साखरपुड्याची रजा नाकारली. डब्याच्या वेळी तिच्याशेजारी कोणी बसेनासं झालं.

एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. हातात घडी घातलेला कागद होता. म्हणाली, "सर, तुम्ही मराठी आहात म्हणून आले."

मी कागद उघडलाही नाही. मी म्हणालो, "बेटा, प्रॉपर चॅनेलने ये. आधी इन्चार्ज सिस्टरना दे, मग मेट्रनना, मग माझ्याकडे येईल."

ती म्हणाली, "सर, इन्चार्ज सिस्टरांबद्दलच तर आहे."

मी म्हणालो, "तरी पद्धत म्हणजे पद्धत."

तिने कागद पुन्हा खिशात ठेवला, "ठीक आहे सर" म्हणाली आणि गेली. तीन आठवड्यांनी तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं, घरगुती अडचण. मी सही केली.

दोनेक महिन्यांनी त्याच वॉर्डात, त्याच सर्जनचा दुसरा रोगी रात्री बिघडला. लक्षणं जवळजवळ तीच. ड्यूटीवरच्या नर्सने बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता रक्तदाब मांडला. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा खाली. फोन केला सकाळी सहाला. यावेळी खरोखरच पोटात जंतुसंसर्ग पसरला होता. रोगी वाचला, पण पुन्हा ऑपरेशन झालं आणि दोन आठवडे आयसीयूत गेले. घरचे लोक शेती गहाण टाकण्याची भाषा करत होते.

चौकशी माझ्याकडे होती. मी त्या नर्सला विचारलं, "आकडे तुलाच दिसत होते ना? मग फोन का नाही केलास?"

ती खाली बघत म्हणाली, "सर, मागे जिने केला होता तिचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं."

मंडळी, त्या अहवालावर मी नर्सचा हलगर्जीपणा असं लिहू शकलो असतो. कागदोपत्री ते बरोबरही ठरलं असतं. पण त्या रात्रीचा फोन मी दोन महिने आधीच, दुपारी माझ्या खोलीत बंद पाडला होता.

रोग्याला याची किंमत कशी पडते

हा फक्त माझा अनुभव नाही. यावर बराच अभ्यास झाला आहे. दोन-तीन गोष्टी सांगतो.

इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ गटांवर एक प्रयोग झाला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्येक गटाला सरावासाठी एक काल्पनिक प्रसंग दिला : अपुऱ्या दिवसांचं बाळ अचानक बिघडतं. काही गटांसमोर एका बाहेरच्या तज्ज्ञाने त्यांच्या कामाबद्दल किंचित अपमानकारक शेरे मारले. शिवीगाळ नाही, फक्त खोचक बोलणं. एवढ्याने त्या गटांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही घसरलं. कारण ते एकमेकांना माहिती कमी देऊ लागले आणि मदत कमी मागू लागले. तेही सगळे अनुभवी डॉक्टर आणि नर्स होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात नर्सेसच्या गटांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या. तिला वाटलं होतं, चांगल्या गटांत चुका कमी सापडतील. निघालं उलटंच. चांगल्या गटांत जास्त चुका नोंदल्या गेल्या. मग लक्षात आलं, ते चुका जास्त करत नव्हते, चुका उघड बोलत होते. जिथे धाक होता तिथे चुका वहीत येतच नव्हत्या. तेव्हा ज्या वॉर्डाची चुकांची वही कोरी असते, तिथे मी आधी जाऊन बघीन.

तिसरी गोष्ट आपल्या देशातली, विमानाची आहे, पण धडा तोच आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली. चौकशी समितीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. चौकशीत पुढे आलं की सहवैमानिकाने, पुन्हा वर घ्या, अशा अर्थाची सूचना तीनदा दिली होती. मुख्य वैमानिकाने उतरणं सोडलं नाही. धोका दिसलेला माणूस कॉकपिटमध्येच होता. तो बोललाही होता. पण बोलणं आणि ऐकलं जाणं यांच्यात रँक उभी होती.

विमान कंपन्यांनी अशा अपघातांनंतर प्रशिक्षण बदललं. कनिष्ठाने बोलायचं कसं आणि वरिष्ठाने ऐकायचं कसं, हे तिथे आता शिकवलं जातं. हॉस्पिटलांनीही त्यातून काही उचललं. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनआधीची तपासयादी त्यातलीच. चिरफाड सुरू होण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हे त्या यादीत आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. ते आकडे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीत इतरही बरंच काही आहे, सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही. पण ज्याने एकदा सगळ्यांसमोर आपलं नाव उच्चारलं आहे, तो पुढे "थांबा" म्हणायला कमी कचरतो.

फौजेत काय असतं

तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, फौजेत तर याहून जास्त रगडा असतो. असतो. प्रशिक्षणात मीही सोसला आहे आणि, खरं सांगायचं तर, दिलाही आहे. फौज म्हणजे देवळं नव्हेत. तिथेही त्रास देणारे वरिष्ठ भेटतात.

पण तिथे दोन गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत. सैन्य कायदा १९५० मध्ये कलम ४७ आहे : हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ करणाऱ्या वरिष्ठाला कोर्ट मार्शल होऊन सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कलम २६ व २७ मध्ये, अन्याय झाला असं वाटणाऱ्या जवानाला आणि अधिकाऱ्याला दाद मागायचा रस्ता दिलेला आहे. आपल्याच वरिष्ठाविरुद्ध तक्रार असेल तर पुढे कोणाकडे जायचं, हे तिथे ठरलेलं आहे. शिवाय युनिटमध्ये सैनिक संमेलन भरतं, तिथे जवान उभा राहून थेट कमांडिंग ऑफिसरशी बोलू शकतो.

मी कॅप्टन असताना एका रात्री रेडिओ ऑपरेटरवर खूप ओरडलो होतो. किरकोळ निरोपासाठी उठवलं म्हणून. सकाळी आमच्या सीओंनी मला बोलावलं आणि एकच विचारलं, "आज रात्री खरा निरोप आला तर तो तुला उठवील का?" मी गप्प. ते म्हणाले, "मग जा आणि त्याला सांग, की त्याने बरोबर केलं." मी गेलो, सांगितलं. माझी रँक काही कमी झाली नाही.

इतकं शिकूनही वीस-पंचवीस वर्षांनी मी त्या नर्सला चॅनेल दाखवला. चॅनेल म्हणजे उतरंड, हे मी धरून बसलो. उतरंड हुकूम खाली जाण्यासाठी ठीक आहे. तक्रार वर येण्यासाठी बाजूचा जिना लागतो. फौजेत तो असतो हे माहीत असून मी हॉस्पिटलात तो बांधला नव्हता.

ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने काय करावं

आता कामाचं बोलू. तुम्ही रेसिडेंट असाल, नर्स असाल, तंत्रज्ञ असाल, तर क्रमाने सांगतो.

एक. वही ठेवा. त्याच दिवशी लिहा : तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं. "फार छळतात" असं लिहू नका. "अमुक तारखेला राउंडमध्ये सात जणांसमोर असं म्हणाले" असं लिहा. वही घरी ठेवा, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर नको. मेसेज पुसू नका. ड्यूटी चार्टचा फोटो ठेवा. मात्र रोग्याचं नाव, केसपेपर, वॉर्डातले व्हिडिओ यांना हात लावू नका. ती रोग्याची खाजगी गोष्ट आहे, आणि त्यावरून उलट तुम्हालाच अडकवतील.

दोन. एकटे राहू नका. एका विश्वासाच्या माणसाला सगळं सांगा. जाच करणाऱ्याचं अर्धं बळ तुमच्या एकटेपणात असतं. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी मदत घ्या. सरकारच्या टेली मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरला डॉक्टरची गरज लागण्यात कमीपणा नाही.

तीन. रोग्याच्या प्रश्नावर बोलायचं वाक्य पाठ करून ठेवा. अमेरिकेत आरोग्य खातं आणि संरक्षण खातं यांनी मिळून हॉस्पिटलांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं, त्यात तीन पायऱ्या आहेत. मी त्या आपल्या भाषेत सांगतो : "सर, मला काळजी वाटते." ऐकलं नाही तर, "सर, मला हे ठीक वाटत नाही." तरीही नाही तर, "सर, यात पेशंटला धोका आहे, आपण थांबू या." आवाज चढवायचा नाही. दोनदा सांगून ऐकलं नाही, तर त्यांच्या वरच्याला कळवायचं आणि केसपेपरवर वेळ घालून नोंद करायची.

चार. तक्रार लेखी करा, एका पानात. काय घडलं, कधी, कोणासमोर, आणि तुम्हाला काय हवं. "न्याय हवा" म्हणू नका. "माझ्या पाळ्या इतरांसारख्या लावाव्यात, चौकशी या विभागाबाहेरच्या व्यक्तीने करावी" असं लिहा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या वरच्याकडे द्या : अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक, संचालक. आणि पोच घ्या. पोच नसलेली तक्रार दिलीच नाही असं नंतर म्हणतात.

पाच. आपलं प्रकरण कोणत्या कायद्यात बसतं ते बघा. कामाच्या ठिकाणच्या सर्वसाधारण जाचासाठी आपल्याकडे वेगळा असा एक कायदा नाही. पण रस्ते आहेत.

तुम्ही वैद्यकीय विद्यार्थी असाल, त्यात पदव्युत्तरही आले, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे रॅगिंगविरोधी नियम लागू आहेत आणि कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असलीच पाहिजे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. लैंगिक स्वरूपाचा त्रास झालेल्या महिलेसाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मारहाण किंवा धमकी असेल तर सरळ पोलीस. आणि हॉस्पिटलाला एनएबीएचचं मानांकन असेल, तर कर्मचाऱ्यांच्या तक्रारींची लेखी पद्धत ठेवणं त्यांना भाग आहे. ती मागून घ्या.

जे बघत असतात त्यांनी आणि जे वर बसले आहेत त्यांनी

बघणाऱ्यांनी शूरपणा करायची गरज नाही. चारचौघांत अपमान झालेल्या मुलीशेजारी त्या दिवशी डबा घेऊन बसा, एवढंच करा. साक्ष द्यायची वेळ आली तर खरं सांगा.

वरिष्ठांना सांगतो, रात्री फोन करणाऱ्याला पहिला शब्द "बरं केलंस" असू द्या. फोन फालतू निघाला तर सकाळी बाजूला घेऊन शिकवा. दहा फालतू फोन झेललेत तर अकरावा खरा फोन तुमच्यापर्यंत वेळेत येतो.

आणि व्यवस्थापनाला सांगतो, कारण त्या खुर्चीत मी होतो. त्या घटनेनंतर आम्ही चार गोष्टी केल्या. तक्रार घेणारा माणूस त्या विभागाबाहेरचा ठेवला. दर महिन्याला ड्यूटी चार्ट आणि रजेची वही मी स्वतः बघू लागलो, कारण जाच आधी तिथे दिसतो, तक्रारीत नंतर येतो. राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाशी जाण्याआधी अर्धा तास बोललो. आणि चौकशी चालू असताना तक्रार करणाऱ्याची बदली करायची नाही, असा नियम केला. ज्याच्यावर आरोप आहे त्याचीही बाजू पूर्ण ऐकायची, लेखी घ्यायची. कारण खोटी तक्रारही होऊ शकते आणि त्याचाही मान आहे.

यातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती होती सांगू? सर्जनसाहेब हॉस्पिटलला पैसा मिळवून देणारे होते. त्यांना समज देताना मालकांचा फोन आला. त्यांना लेखी समज दिली, काढलं नाही. इन्चार्ज सिस्टरांची बदली झाली. पुढच्या वर्षी त्या वॉर्डातून रात्रीचे फोन वाढले. सर्जनसाहेब माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी त्यांना चहा दिला.

गोंदियाच्या त्या मुलीला मी नंतर फोन केला होता. ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. मी म्हणालो, "तुझा कागद मी वाचायला हवा होता." ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "हो सर, वाचायला हवा होता." त्यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

तेव्हा हैदराबादच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, हे पुष्कळांना होतं. पण पुष्कळांना होतं म्हणून ते बरोबर ठरत नाही, आणि गप्प बसायचं तर मुळीच नाही. आज रात्री मुलीचा फोन आला की "सहन कर" म्हणू नका आणि "सोडून ये" असंही लगेच म्हणू नका. आधी सगळं ऐकून घ्या. जेवली का, झोपली का विचारा. जीव नको झाल्यासारखं बोलली तर गाडी पकडून तिच्याकडे जा, बाकी सगळं नंतर. नाहीतर तिला म्हणा, एक वही आण आणि आजची तारीख घाल.

आणि तुमच्यापैकी कोणी खुर्चीत बसलेले असाल, समोर कोणी घडी घातलेला कागद घेऊन उभं राहिलं, तर चॅनेल नंतर बघा. आधी कागद उघडा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.